दोन बटणं आणि एक बटाटा

वेफर्सच्या कारखान्यातल्या टेकूमामांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारून काही उपयोग नाही. ते वळूनसुद्धा बघत नाहीत. ते नाव हजेरीपटावर आहे, घराच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण माणसांच्या तोंडात नाही. बायको 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही, लेक 'बाबा' म्हणते, आणि उरलेल्या सगळ्या जगाचे ते टेकूमामा.

हे नाव त्यांनी कष्टानं कमावलंय. कारखान्यात काहीही उचललेलं दिसलं, मग ते मशीनचं झाकण असो की हातगाडीचं चाक, की मामा लगेच त्याच्याखाली टेकू शोधायला धावतात. "वर गेलं ते खाली येणार," असं त्यांचं म्हणणं, "कधी येणार ते आपल्याला विचारून ठरत नाही." घरी बायको पलंगाची फळी उचलून आतलं पांघरूण काढायला लागली, तरी हे लाकडाचा ठोकळा घेऊन हजर. ती म्हणते, "अहो, मी हातानं धरलीय ना!" हे म्हणतात, "तेच तर."

एकदा तर त्यांनी कमालच केली. रविवारी पंखा पुसायचा म्हणून घरचं मुख्य बटण बंद केलं आणि त्याच्या पेटीला कारखान्यात लावतात तसं आपलं कुलूप घातलं. किल्ली खिशात. पंखा असा पुसला की आरशाच्या जागी लावावा. मग कुलूप विसरले आणि दुपारपाळीला निघून गेले. संध्याकाळी घरात अंधार, पाण्याची मोटर बंद, फ्रीजमधलं दूध फाटलेलं. बायको तणतणत कारखान्याच्या फाटकावर आली आणि पहारेकऱ्याकडे निरोप दिला की किल्ली पाठवा. मामांचा उलट निरोप आला, "ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं, असा नियम आहे. थांब, मीच येतो." पाळी अर्धी टाकून ते घरी आले, कुलूप काढलं आणि परत गेले. बायको आठवडाभर बोलत नव्हती, पण हा किस्सा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला अगदी रंगवून सांगत होती.

तर अशा या माणसाच्या हवाली कारखान्यानं ते नवं मशीन केलं.

आधी काय होतं, की बटाटे धुण्याच्या टाकीत हातानं ओतायचे. सहा माणसं दिवसभर पोती उचलायची आणि संध्याकाळी वाकूनच घरी जायची. मग पेटी उलटवायचं हायड्रॉलिक मशीन आलं. लोखंडाची उभी चौकट, तिच्यात बटाट्यांनी भरलेली पेटी ढकलायची. पंप सुरू झाला की सिलिंडरमध्ये तेल शिरतं, दांडा बाहेर येतो, चौकट पेटीला घेऊन वर जाते आणि डोक्याच्याही वर जाऊन टाकीवर वाकते. धडाधड सगळे बटाटे पाण्यात. पेटीचं वजन चारशे किलो, पण उचलायला लागतात फक्त माणसाचे दोन अंगठे. निवड करणाऱ्या टेबलावरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी मशीनचं नाव ठेवलं आत्याबाई. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बघा की! कण्हत कण्हत उठते, आणि एकदा उठली की पोटातलं सगळं ओकूनच खाली बसते."

मशीन देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला होता, दोन दिवसांत बसवून चालू करू. मामांनी नऊ दिवस घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याची नळी धरून जमिनीची पातळी मोजली आणि जाहीर केलं, की जमीन गटाराकडे एक बोट उतरती आहे. कारखान्याचा व्यवस्थापक तरुण होता. माणूस चांगला, पण त्याचं प्रत्येक वाक्य 'आत्ता' या शब्दावर संपायचं, म्हणून सगळे त्याला आत्तासाहेब म्हणत. आत्तासाहेब म्हणाला, "एकच बोट तर आहे मामा, बसवून टाका आत्ता." मामा म्हणाले, "साहेब, 'तर' हा शब्द मला आवडत नाही. खाली एक बोट, म्हणजे वर गेल्यावर किती, हिशेब करा." आत्तासाहेबानं हिशेब केला नाही, पण जमीन मात्र फोडू दिली. नवं काँक्रीट घातलं, ते सुकायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मामा रोज सकाळी त्या काँक्रीटजवळ स्टूल टाकून बसायचे. आत्तासाहेब लांबून बघून कपाळाला हात लावायचा.

मग तीन बाजूंनी उंच जाळी. चौथ्या बाजूला टाकीच होती, तिची कड छातीइतकी आणि चढायला एक लोखंडी पायरी, कारण टाकी साफ करावी लागते. जाळीच्या दाराला असं बटण की दार उघडलं की पंप बंद. आणि चालवायला एका खांबावर दोन बटणं, एकमेकांपासून हातभर लांब, प्रत्येकाभोवती एक उंच गोल कडं. दोन्ही बटणं एकदम दाबून ठेवली तरच चौकट वर जाणार. एक सोडलं की जागच्या जागी थांबणार. हे कशाला, असं कुणी विचारलं की मामांचं उत्तर तयार असायचं: "दोन्ही हात बटणावर, म्हणजे दोन्ही हात शिल्लक."

शिवाय रोजची पूजा वेगळीच. सकाळी रिकामी चौकट वर न्यायची, खांबावर खडूनं रेघ मारायची आणि पाव तास बघत बसायचं, की रेघेच्या खाली येते का. खाली आली, तर तेल कुठेतरी चोरवाटेनं पळतंय. पाव तास नुसतं बसायचं तर चहा हवाच, आणि आत्तासाहेब नेमका त्याच वेळी फेरी मारायचा. त्याची पक्की समजूत होती, की हा माणूस सकाळी आल्याआल्या चहाची सुट्टी घेतो. तेल गळतंय का हे बघायचं तर मामा हात फिरवत नसत, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवत. दाबाखालचं तेल सुईसारखं बारीक उडतं, कातडीतून सरळ आत जातं आणि आधी कळतसुद्धा नाही. पुठ्ठ्याला भोक पडलं तर पडू दे, त्याला बायकोमुलं नसतात. आणि खाली शिरून काही करायचं झालं, की आधी मुख्य बटण बंद, त्यावर आपलं कुलूप, तेलाचा दाब सोडून दिलेला, आणि चौकटीखाली लोखंडी टेकू. यातलं एकही चुकलं तर मामा पान्याला हात लावत नसत.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. मामांचे जावई.

मामांची लेक लग्नाआधी कधीमधी त्यांचा विसरलेला डबा द्यायला कारखान्यात यायची. मामा डबा विसरणाऱ्यांतले नव्हेत, पण त्या वर्षी मात्र फार विसरू लागले, आणि डबा ओट्यावरून कपाटामागे कोण सरकवतं, हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झाला होता. लेक डबा द्यायला आली आणि जावई घेऊन गेली. मुलगा पोती उचलणाऱ्या सहांपैकीच एक. हसतमुख, चपळ, कामाला वाघ. मामांना आवडला. पण एकदा जावई झाल्यावर त्याला 'अरे' कसं म्हणणार? मामांनी भर कारखान्यात "जावईबापू, तेवढी हातगाडी बाजूला घेता का?" असं सुरू केलं, आणि महिन्याभरात आत्तासाहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला जावईबापू म्हणू लागले. एवढ्या मोठ्या कारखान्याचा एकच जावई! त्यालाही मजा वाटायची.

आत्याबाई चालवायला तोच बसला. इतर माणसं पाळीला तीस पेट्या उलटवायची, जावईबापू चाळीस. आत्तासाहेब खूष. पुढच्या महिन्यापासून त्याला लाइनचा प्रमुख करायचं, असं जवळजवळ ठरलंच. मामांची छातीही जरा फुगली होती, खोटं कशाला बोला.

मग एका सकाळी मामा बटणं पुसायला गेले, तर बोट चिकटलं. दोन्ही कड्यांच्या आत पांढरी पूड वाळलेली. त्यांनी वास घेतला. मग चष्मा वर सरकवून पुन्हा घेतला. बटाटा! बटाटे उलटवायच्या मशीनवर बटाट्याचा वास येणार, यात नवल काय, असं दुसरा कोणी म्हणाला असता. मामा पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभे राहिले.

जावईबापूंनी पेटी आत ढकलली, दार लावलं. वरचाच एक बटाटा घेतला, खिशातल्या चाकूनं उभा चिरला. एक खाप उजव्या कड्यात घट्ट बसवली, एक डाव्यात. दोन्ही बटणं दाबलेलीच राहिली. आत्याबाई कण्हत उठली, आणि जावईबापू टाकीच्या पायरीवर चढून, कडेवर पोट टेकून, त्या वाकणाऱ्या पेटीच्या ओठाखाली हात घालून अडकलेले बटाटे ओढू लागले. चारशे किलो त्यांच्या डोक्यावर, आणि बटणांवर माणूस नाही, बटाटा.  ओरडावं तर दचकून हात भलतीकडे जायचा. पेटी रिकामी होऊन जावईबापू खाली उतरेपर्यंत मामांनी श्वास घेतला नाही.

"जावईबापू," ते पुढे येऊन म्हणाले, "हे आपण काय आरंभलंय?"

जावयानं जीभ चावली. "मामा, एका पेटीला वीस सेकंद वाचतात."

"आणि आपण?"

"मी काय, चपळ आहे मी. बरं, नाही करणार. शप्पथ."

शिवी द्यायची तरी 'आपण' म्हणून, ही केवढी पंचाईत! एखाद्या दुसऱ्या पोराला मामांनी कान धरून जाळीबाहेर काढलं असतं. जावयाचा कान धरायला हात उचलेना. त्यांनी शपथेवर विश्वास ठेवला. पाचव्या दिवशी कड्यात पुन्हा पांढरी पूड होती.

त्या दिवशी मामा सुरक्षेची नोंदवही पुढ्यात घेऊन तासभर बसले. समोरचा चहा निवला, त्यावर साय धरली. नोंद केली की काय होणार, ते त्यांना पाठ होतं, नियम त्यांनीच करून घेतला होता. महिनाभर मशीनवरून बाजूला, आणि बढती रद्द. नाही केली तर काय होऊ शकतं, तेही त्यांना दिसत होतं, डोळे मिटले की जास्तच. शेवटी त्यांनी लिहिलं. जावईबापू निवडीच्या टेबलावर बायकांच्या रांगेत जाऊन बसले, आणि लाइनचा प्रमुख दुसराच कुणी झाला.

घरी जावयानं बायकोला सांगितलं, "बटणाला बटाट्याची एक खाप लावली होती, बस. तेवढ्यासाठी तुझ्या बाबांनी माझं नाव वहीत लिहिलं." पायरीचं, टाकीचं, पेटीखाली घातलेल्या हाताचं त्याच्या तोंडून काही निघालं नाही. लेकीचा राग नाकावरच असतो, तो वारसा आईकडचा. तिनं आईला फोन केला. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, एका खापेसाठी घरच्या माणसाची मान कापलीत. आता तुमच्या वहीशीच बोला."

आणि ती बोलायची थांबली. दर रविवारी दोघं जेवायला यायची, तेही बंद. एक रविवार गेला, दोन गेले. महिना संपला, जावईबापू मशीनवर परतले, आता दोन्ही अंगठे बटणांवर ठेवून, तोंड फिरवून. कारखान्यात "पाना द्या," "घ्या" एवढंच बोलणं. लेकीचा फोन आईला यायचा. मामा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करायचे आणि एकच पान अर्धा तास वाचायचे. फोन ठेवला की विचारायचे, "काय म्हणते?" बायको म्हणायची, "तुमचं नाव सोडून सगळं म्हणते." असे सात रविवार गेले. मामांचं जेवण निम्म्यावर आलं. एकदा बायको ताट उचलताना म्हणाली, "सगळ्या जगाला टेकू लावत फिरता. लेकीच्या संसाराखालचाच तेवढा काढून घेतलात." मामा हात धुवायला उठले. जावई टाकीवर कसा चढत होता ते सांगितलं असतं, तर बायको त्याच क्षणी गप्प झाली असती. त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

आठव्या रविवारी मात्र लेकीनं आईला कळवलं, "एक वाजता येते. तासभर बसेन. बाबा असले तर असले, नसले तर माझं काही अडत नाही." बायकोनं हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर दटावलं, "एक म्हणजे एक. ती आपलीच लेक आहे, दोन वाजता तिथं नसणार."

आणि नेमक्या त्याच रविवारी आत्याबाईचं वर्षाचं मोठं काम. जुने तेलाचे पाइप काढून नवे घालायचे, सिलिंडरची नि जोडांची तेल अडवणारी रबरी सीलं बदलायची. कारखाना बंद असतानाच हे होतं. मदतीला आत्तासाहेबानं कोणाला लावावं? जावईबापूंना. दोघांचं मनोमीलन व्हावं म्हणून लावलं, की यादीतलं पहिलं नाव उचललं, देव जाणे.

सकाळी सातपासून दोघं कामाला लागले. नियमाप्रमाणे सगळं झालं: मुख्य बटण बंद, कुलूप, दाब सोडला, टेकू लावला. मामा "तेवढा पाना देता का," म्हणायचे, जावई न बघता हात पुढे करायचा. एवढं सोडलं तर त्या रिकाम्या शेडमध्ये फक्त नळाचं पाणी ठिबकल्याचा आवाज. बाराच्या सुमाराला काम उरकलं. टेकू काढला, कुलूप काढलं, पंप सुरू करून चौकट वर नेली. मामांनी खडूची रेघ मारली, पुठ्ठा घेऊन एकेका जोडावरून फिरवला. सगळ्यात वरच्या जोडाशी पुठ्ठ्यावर काळा ठिपका उमटला.

मामांनी घड्याळ बघितलं. सव्वाबारा वाजून गेले होते. घर अर्ध्या तासावर. नीट करायचं, तर टेकू लावा, चौकट त्यावर बसवा, बटण बंद, कुलूप, दाब सोडा, जोड उघडा, बघा, परत लावा, परत सगळं उलट क्रमानं. पाऊण तास कुठे गेला नाही. आणि लेक एक वाजता दारात. ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग पाना उचलला आणि दाब न सोडलेल्या, टेकू नसलेल्या चौकटीखाली शिरले.

"मामा," जावई म्हणाला, "टेकू."

"अहो, दोन आटे तर आहेत. अर्ध्या मिनिटाचं काम."

'तर' म्हणाले! काँक्रीटजवळ चार दिवस स्टूल टाकून बसणारा माणूस, बरं का, 'तर' म्हणाला. पाना जोडाला लागतो न लागतो, तोच मामांची कॉलर कोणीतरी मागून पकडली आणि एका हिसक्यासरशी ते जाळीबाहेर, बटाट्याच्या गढूळ पाण्यात बसले. चष्मा एकीकडे, पाना एकीकडे.

"अक्कल आहे का तुला काही?" जावई ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "मरायचंय का? कळत नाही तुला?"

मग दोघांच्याही लक्षात आलं, की जावई सासऱ्याला 'तू' म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा. जावयाचं तोंड उघडंच राहिलं.

आता तुम्हाला वाटेल, त्याच क्षणी ती चौकट धाडकन खाली आली असेल. नाही आली. खडूच्या रेघेवरून तसूभरसुद्धा हलली नाही. आत्याबाई वर उभी होती, जशी होती तशी, आणि खाली एक साठीला आलेला माणूस पाण्यात बसला होता.

मामांनी चष्मा शोधून पुसला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "लावा टेकू."

पाऊण तास म्हटलं होतं, तास लागला. कुलपं या वेळी दोन लागली, एक मामांचं, एक जावयाचं. जोड उघडला तर आत नवंकोरं सील एका बाजूनं चिरलेलं निघालं. आणखी दोन आटे आवळले असते, तर ते कोणत्या बाजूनं फुटलं असतं आणि वरचं तेल कुठे गेलं असतं, हे दोघांनाही न सांगता कळलं. जावयानं ते चिरलेलं सील उचलून मामांच्या तळहातावर ठेवलं, आणि मामांनी ते बराच वेळ बघितलं.

सगळं आवरून निघायचं, तर मामा नोंदवहीकडे वळले.

"मामा, नका लिहू," जावई म्हणाला. "कोणी बघितलं नाही."

"तुम्ही बघितलंत."

"मी घरचाच माणूस आहे."

"म्हणून तर ओढलंत," मामा म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. स्वतःचं पूर्ण नाव, ते हजेरीपटावरचं, त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. पुढे लिहिलं, की दाब न सोडता, टेकूशिवाय मशीनखाली शिरलो, मदतनिसानं बाहेर काढलं. म्हणजे आता महिनाभर निवडीच्या टेबलावर बायकांच्या रांगेत ते बसणार. बायका त्यांना सोडणार नव्हत्या, हे त्यांना लिहितानाच कळत होतं.

घरी पोचायला सव्वादोन झाले. लेक खांद्याला पिशवी अडकवून दारातच उभी होती, निघालेली. मामांचे कपडे चिखलानं भरलेले, कॉलर फाटलेली. ती आईकडे वळून म्हणाली, "काय झालंय यांना, विचार."

मामांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. घाई केली, का केली, कोणी ओढलं, वहीत काय लिहिलं, सगळं. बायको मटकन खुर्चीत बसली. लेकीनं पिशवी खाली टाकली.

"हात दाखवा," ती म्हणाली. सात आठवड्यांतला पहिला शब्द. मामांनी दोन्ही हात पुढे केले. तिनं एकेक बोट दाबून बघितलं, दहाही. आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटला! माझ्यासाठी? मी काय पळून जाणार होते? तास काय, चार तास बसले असते! या वयात अक्कल गहाण टाकलीत का? मामा मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, की तिनं संध्याकाळपर्यंत असंच रागवावं.

जावईबापू बाजूला उभे होते, कौतुकाची वाट बघत. ते आलंही. "तुम्ही होतात म्हणून," लेक त्यांना म्हणाली, तिचे डोळे भरले होते. "तुम्ही मागे नसतात तर..." आणि ती मध्येच थांबली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान अचानक कुठेतरी गेलं होतं, आणि ते तिला दिसलं.

"काय हो?"

"काही नाही."

"तुम्ही ती खाप लावायचात, तेव्हा करत काय होतात? हात मोकळे करून?"

जावयानं जमिनीकडे बघितलं. मग सांगितलं. पायरी, टाकीची कड, पेटीच्या ओठाखाली घातलेला हात. रोज चाळीस वेळा.

"आणि मागे कोण असायचं?"

"कोणी नाही."

 लेक खाली बसली, अगदी फरशीवर, बापाच्या पायाशी. "बाबा, तुम्ही बघितलं होतंत हे?"

मामांनी होकारार्थी मान हलवली.

"मग मला सांगितलं का नाहीत? मी काय काय बोलले तुम्हाला. सात आठवडे."

"सांगितलं असतं तर ते कामावर गेले की तू रोज घड्याळ बघत बसली असतीस," मामा म्हणाले. "झोप लागली नसती तुला."

तिचा हुंदका फुटला. आईनं पदर डोळ्याला लावून पानं वाढायला घेतली, कारण त्या घरात कोणीतरी काहीतरी करायला हवंच होतं. जावईबापू भांडी मांडू लागले, उलटीसुलटी. लेक उठून बाबांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. जेवण वाढलं तरी तिनं तो सोडला नाही, आणि मामांनीही मागितला नाही. त्या दिवशी ते डाव्या हातानं जेवले. पोटभर जेवले.